अकरानंतर एकवीस

"ही अक्षरं माणसांसाठी लावलीत की मुंग्यांसाठी?"

हे मी मुद्दाम मोठ्यानं विचारलं. सकाळचे साडेदहा वाजले होते. तालुका कोर्टाच्या व्हरांड्यात शंभरेक माणसं भिंतीवरच्या टीव्हीकडे माना वर करून उभी होती आणि त्यातल्या निम्म्यांना तरी त्यावरचं काही वाचता येत नव्हतं. वाचता येत नाही हे कोणी बोलतही नव्हतं. आपलेच डोळे गेले असतील, असं समजून प्रत्येक जण गप्प.

माझे वडील, आप्पा, तेवढे प्रामाणिक. "आगं उज्वल, मागल्या तारखेला बोटाएवढी अक्षरं हुती," ते म्हणाले. "आज नुसत्या रेघा दिसत्यात."

आप्पांनी बत्तीस वर्षं पॉवरलूमवर काढली. चोवीस माग एका छपराखाली. त्यांचे कान तिथेच गेले. कोर्टात नंबर आला की शिपाई दारात येऊन पक्षकाराच्या नावाचा पुकारा देतो, पण आप्पांना तो कधी ऐकूच यायचा नाही. त्यामुळे दर तारखेला मी रजा काढून त्यांच्या शेजारी बसायची. मग सहा महिन्यांपूर्वी हा बोर्ड आला. आत ज्याचं काम चालू असेल त्या नंबराची ओळ हिरवी होते. आप्पांना एवढा आनंद झाला होता, की मागच्या तारखेला त्यांनी मला व्हरांड्यातून हाकललं होतं. "जा तू शाळंत. मी माझा नंबर वाचतो."

आणि आता नेमक्या याच तारखेला ही बारीक अक्षरं.

दारात धोंडीराम शिपाई उभा होता. त्याला विचारलं तर तो म्हणाला, "रात्री कॉम्प्युटरनं आपलं आपणच काय तर नवीन घेतलंय म्हणं. आत गुरवांना इचारा."

"आणि तुमचा आवाज? तोही रात्री बदलला का? बोर्ड आल्यापासून तुमचा पुकारा तुमचा तुम्हालाच ऐकू येत असेल."

माणसं हसली. धोंडीरामचा चेहरा पडला. "पुकारा द्यायचं काम माझं हाय, बाई. माणूस हुडकायचं न्हाई."

माझा स्वभावच असा. मी चौथीचा वर्ग शिकवते, साठ पोरं एका दमात गप्प करते. समोरचा चुकतोय असं दिसलं की माझ्या तोंडाचा पट्टा सुटतो आणि मग तो माझा मलाही आवरत नाही. आमच्या घरात याचं कौतुकच होतं. आप्पा म्हणायचे, माझं तोंड माझ्या पोरीकडं हाय.

जिन्याखालच्या खोलीत गुरव बसायचे. हणमंत गुरव, चाळिशीचे, कंत्राटावरचे ऑपरेटर. त्यांच्यापुढे तीन कॉम्प्युटर आणि कोपऱ्यात जुन्या प्रिंटरांचा ढीग होता.

"ब्राउझर अपडेट झालाय, मॅडम," ते म्हणाले. "जुनी सेटिंग पुसली गेली. त्यात टीव्हीचं स्केलिंग वेगळं, कॉम्प्युटरचं वेगळं. जिल्ह्याला तक्रार टाकलीय. उद्यापर्यंत कुणीतरी फोनवरून करून देईल."

"उद्या! माझ्या वडिलांची तारीख आज आहे."

"पण मला त्याला हात लावायची..."

"त्यांना पुकारा ऐकू येत नाही आणि बोर्ड दिसत नाही. मग त्यांनी काय वासावरून नंबर ओळखायचा? साहेबांच्या टेबलावरची अक्षरं बारीक झाली असती तर थांबला असता का तुम्ही उद्यापर्यंत?"

गुरवांनी माझ्याकडे पाहिलं. बाहेर माझ्यामागे पाच-सात माणसं येऊन उभी राहिली होती आणि तीही कलकल करायला लागली होती. गुरवांनी माउस हातात घेतला. शंभराचे दीडशे झाले, दोनशे झाले, मग पावणेतीनशे टक्के. व्हरांड्यातून ओरडा आला, "दिसलं, दिसलं!" गुरव मागून काहीतरी म्हणाले, पण तोवर मी दाराबाहेर पडले होते.

व्हरांड्यात एका म्हाताऱ्यानं मला चक्क नमस्कार केला. बोर्डावर ठसठशीत अक्षरं आली होती. एक, दोन, तीन, चार. पहिली ओळ हिरवी. आप्पांच्या चेहऱ्यावर हसू पसरलं होतं.

मी त्यांच्या डाव्या कानाशी तोंड नेऊन ओरडले, "आपला नंबर सतरा! सतरा हिरवं झालं की आत जायचं!"

"म्हाईत हाय. मी काय ल्हान पोर हाय?"

आमचे वकील पाटणे त्या दिवशी शेजारच्या तालुक्याला गेले होते. दुपारी दीडला पोचतो, सतरा नंबर दोनच्या आधी येत नाही, असं त्यांनी सांगितलं होतं. माझ्या शाळेत तपासणी होती, मुख्याध्यापिकेनं अकरापर्यंतचीच सवलत दिली होती. मी आप्पांना बोर्डासमोरच्या बाकावर बसवलं, डबा हातात दिला आणि निघाले.

दावा आमच्या घराचा होता. मागाच्या कारखान्यामागे कामगारांच्या सोळा खोल्या होत्या. त्यातल्या कोपऱ्यातल्या खोलीत आप्पा एकेचाळीस वर्षं राहत होते. आई तिथेच गेली, मी तिथेच वाढले. जुन्या मालकानं कारखाना मगदूमशेठला विकला आणि मगदूमशेठला ती जागा मोकळी हवी होती. बाकीचे एकेक करून घाबरून गेले. आप्पा कोर्टात गेले. कोर्टानं 'जैसे थे'चा हुकूम दिला होता, त्या एका कागदावर आमचं घर चार वर्षं उभं होतं.

मी चारला परत आले, तेव्हा आप्पा त्याच बाकावर त्याच ठिकाणी ताठ बसले होते. डब्याची गाठ सुटलेली नव्हती. बोर्डावरची पहिली ओळ होती एकवीस आणि हिरवी झाली होती पंचविसाची.

"आप्पा! सतरा?" मी त्यांच्या कानाशी ओरडले.

"आजून न्हाई."

"अहो, पंचवीस चाललाय!"

"अकरा झालं, मग बराच येळ कायच हिरवं झालं न्हाई. आन् मग एकदम एकवीस आलं," ते शांतपणे म्हणाले. "मधलं मागं ठेवलं असत्याल. वकील न्हाईत म्हणून."

यात त्यांचं काही चुकलं नव्हतं. वकील हजर नसला की कोर्ट नंबर मागे ठेवतं आणि शेवटी घेतं. चार वर्षांच्या तारखांत आमचा नंबर कितीतरी वेळा मागे पडला होता. आप्पा अनुभवानं शहाणे झाले होते आणि त्या शहाणपणापायी ते पाच तास हलले नव्हते. पाणी प्यायलासुद्धा उठले नव्हते, न जाणो तेवढ्यात ओळ हिरवी व्हायची.

मी दाराकडे धावले.

"सतरा?" धोंडीराम म्हणाला. "अडीचलाच झालं की. तीन येळा पुकारा दिला. कोण आलं न्हाई. दावा काढून टाकला."

"काढून टाकला म्हणजे?"

"गैरहजर म्हणून. संपला."

"गैरहजर? हा माणूस इथं दहा पावलांवर बसलाय! सकाळपासून! तुम्हाला दिसला नाही?"

"सतरा नंबर म्हंजे कोण, हे मला काय ठावं?"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्याला ठाऊक होतं. चार वर्षं तो आप्पांना बघत होता. पण सकाळी मी शंभर माणसांत त्याची फजिती केली होती आणि त्यानं सांगितलं होतं तेच केलं, पुकारा दिला आणि माणूस हुडकला नाही.

मी आप्पांना ओरडून सांगितलं. त्यांना आधी समजेचना. मग समजलं, तेव्हा ते बोर्डाकडे बघत राहिले आणि म्हणाले, "मगदुमाचा पोरगा हितंच समोर बसला हुता. चा पीत. मला बगून हासला. मला वाटलं वळख दिली."

मी आयुष्यात बऱ्याच जणांवर चिडले आहे. पण त्या हसण्याचा राग अजून माझ्या पोटात तसाच आहे. त्यानं फक्त एक शब्द बोलायचा होता, नुसता हात करायचा होता. एक म्हातारा आपल्या घरासाठी समोर बसलाय, त्याचं नाव पुकारलं जातंय, त्याला ते ऐकू येत नाही, आणि हा चहा पिऊन हसतो.

तेवढ्यात फोन वाजला. आमच्या गल्लीतल्या कमलवहिनी होत्या. "उज्वला, कुठं आहेस? जेसीबी आलाय कारखान्यामागं. रिकाम्या खोल्या पाडायला घेतल्यात. जैसे थे उठलं म्हणून सांगायलेत. तुमची खोली उद्या न्हाई, आजच धरणार बघ!"

चार वाजून दहा मिनिटं झाली होती. कोर्ट पावणेसहाला उठतं.

पाटणे वकील साडेचारला पोचले, घामाघूम. त्यांची गाडी घाटात बंद पडली होती. त्यांना शिव्या घालायलाही वेळ नव्हता. त्यांनी बोर्डाकडे पाहिलं, ओळी मोजल्या आणि एकदम थांबले.

"पान वीस ओळींचं आहे," ते म्हणाले. "दिसताहेत फक्त अकरा. बारापासून खालचं सगळं पडद्याच्या बाहेर गेलंय. हे एवढं मोठं कुणी केलं?"

मी सांगितलं. सकाळचं सगळं सांगितलं.

पाटण्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "हे आत बोलायचं नाही."

"का?"

"ऐका. कोर्टाच्या बोर्डाची चूक असेल, तर न्यायाधीश मॅडम आत्ताच्या आत्ता दावा परत दाखल करून घेतील. हुकूमही जिवंत होईल. पण तुम्ही सांगून करून घेतलंय असं निघालं, तर ती तुमची चूक. मग समोरच्याला नोटीस निघेल, पंधरा दिवसांची तारीख पडेल. पंधरा दिवसांत मगदूम तुमच्या घराची वीटसुद्धा शिल्लक ठेवायचा नाही. तुम्ही फक्त उभ्या राहा. विचारलं तरच बोला. तुम्हाला ते जमत नाही, पण आज जमवा."

त्यांनी बाकावरच अर्ज लिहिला. आप्पांनी सही केली.

न्यायाधीश मॅडम पन्नाशीच्या होत्या, कमी बोलणाऱ्या. अर्ज वाचून त्यांनी वर पाहिलं. समोरचे वकील लाटकर उठले. "मॅडम, बोर्ड ही नुसती सोय आहे. पुकारा रीतसर झालेला आहे."

"पक्षकार बहिरे आहेत," पाटणे म्हणाले. "त्यांना बोर्डाशिवाय दुसरा आधार नाही. आणि त्या बोर्डावर त्यांचा नंबर दिवसभर आलाच नाही."

मॅडमनी आपल्या कारकुनाला बाहेर पाठवलं. तो परत आला. "खरं आहे, मॅडम. खालच्या नऊ ओळी दिसत नाहीत."

"ऑपरेटरला बोलवा."

गुरव आले. हात पुढे बांधून उभे राहिले. आप्पा माझ्या शेजारी उभे होते, सगळ्यांच्या ओठांकडे आळीपाळीनं बघत होते.

"अक्षरांचा आकार तुम्ही बदललात?"

"हो, मॅडम."

"परवानगी घेतली होती?"

"नाही. रात्री अपडेट झाल्यामुळे अक्षरं बारीक झाली होती. वाचता येत नव्हती."

"कुणाच्या सांगण्यावरून बदललात?"

गुरवांनी माझ्याकडे पाहिलं. अगदी एक क्षण, पण पाहिलं. मी नजर भिंतीकडे वळवली. भिंतीवर घड्याळ होतं आणि त्यात पाच वाजून सात मिनिटं झाली होती.

"लोकांची तक्रार होती," गुरव म्हणाले.

"आकार वाढवला की खालच्या ओळी कापल्या जातात, हे तुम्हाला कळलं नाही?"

गुरवांनी बांधलेले हात सोडले आणि परत बांधले.

"नाही कळलं, मॅडम," शेवटी ते म्हणाले.

मॅडमनी लिहून घेतलं. दावा परत दाखल. जैसे थे कायम. पोलीस ठाण्याला ताबडतोब कळवा. आणि ऑपरेटरनं उद्या लेखी खुलासा द्यावा, त्याच्या निष्काळजीपणाचा अहवाल जिल्ह्याला जाईल. लाटकर खाली बसले. पाटण्यांनी माझ्या कोपराला हलकेच स्पर्श केला. जिंकलो होतो.

आता मला एक गोष्ट दुरुस्त करायची आहे. सकाळी गुरव मागून काहीतरी म्हणाले आणि तोवर मी दाराबाहेर पडले होते, असं मी वर लिहिलंय. ते खोटं आहे. इतकी वर्षं मी ही हकिगत अशीच सांगत आले, म्हणून हात तसाच चालला. मी दारातच होते आणि मी शब्द न् शब्द ऐकला होता. गुरव म्हणाले होते, "मॅडम, एवढं मोठं केलं की खालचे नंबर दिसणार नाहीत. दीडशेच ठेवू का? तेवढ्यात बसतं सगळं." आणि मी वळून म्हणाले होते, "आधी वरचं तरी दिसू दे लोकांना! करा सांगितलं तेवढं." माझ्यामागची माणसं हसली होती. मला ते हसणं आवडलं होतं.

सतरा हा आकडा खालीच असतो, हे चौथीच्या पोरालाही कळतं. मला कळलं नाही. मी भांडण जिंकण्यात गुंतले होते.

साडेपाचला मी जिन्याखालच्या खोलीत गेले. का गेले, कोण जाणे. माफी मागायला गेले असेन, पण दारात पोचल्यावर तोंडातून निघालं ते असं, "तुम्ही ऐकलंत कशाला माझं? तुम्हाला कळत होतं ना? मग मोठं केल्यावर एकदा बाहेर येऊन बोर्ड बघायचा नाही?"

चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या याच.

गुरव टेबलाचं कुलूप लावत होते. त्यांनी मान वर केली नाही. "चुकलंच माझं. मी बाहेर येऊन बघायला पाहिजे होतं."

"आणि मग आत माझं नाव का घेतलं नाहीत?"

"तुमच्यावर उपकार म्हणून नाही," ते म्हणाले. त्यांचा आवाज सकाळसारखाच साधा होता, पण आता त्यांना राग आलेला दिसत होता. "पक्षकारानं सांगितलं आणि मी कोर्टाच्या मशीनला हात लावला, असं कागदावर आलं असतं तर मला आजच घरी पाठवलं असतं. कळत असून केलं म्हटलं असतं तर आणखीच वाईट. त्यापेक्षा येडा ठरलेलं बरं. येड्याला निदान महिना-दोन महिने मिळतात." मग त्यांनी पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं. "पण तुम्हाला बोलता येत होतं, मॅडम. सकाळी किती छान बोलत होता."

मी बाहेर आले. मार्चमध्ये गुरवांचं कंत्राट संपलं आणि पुन्हा झालं नाही. ते कुठे गेले, याची मी चौकशी केली नाही.

त्या दिवशी आम्ही घरी पोचलो तेव्हा गल्लीत धूळ बसायची होती. पाच रिकाम्या खोल्या भुईसपाट झाल्या होत्या. जेसीबी आमच्या ओट्यापाशी येऊन थांबला होता आणि पोलीस हवालदार ड्रायव्हरला मागे घ्यायला सांगत होता. आमची खोली जागेवर होती. आप्पांनी दाराच्या चौकटीला हात लावला, कपाळाला लावला, आणि ओट्यावर बसून सकाळचा डबा सोडला. भाकरी कडक झाली होती. तीच ते चावून चावून खाऊ लागले.

खाता खाता त्यांनी मला जवळ बोलावलं.

"सगळ्यांची तोंडं हलत हुती, मला कायच समजलं न्हाई. त्या गुरवाला कशाला बोलवलं हुतं? भला माणूस हाय. आपल्यासाठनं अक्षरं मोठी केली त्यानं." घास गिळून त्यांनी विचारलं, "आन् तू काय सांगितलंस जजबाईला?"

मी म्हणाले, "खरं सांगितलं, आप्पा."

"आं?"

"खरं सांगितलं!"

त्यांनी डावा कान माझ्याकडे केला आणि कानामागे हात धरला. "मोठ्यानं बोल की! काय सांगितलंस?"

मी त्यांच्या कानाशी तोंड नेलं आणि छातीत होता नव्हता तेवढा जोर लावून ओरडले, "खरं सांगितलं!"

आप्पांनी समाधानानं मान हलवली आणि भाकरीचा पुढचा तुकडा मोडला. गल्लीतल्या बायका माझा आवाज ऐकून दारात आल्या होत्या. त्यातल्या कमलवहिनी कौतुकानं म्हणाल्या, "असा आवाज पायजे बघ कोर्टात."